अभयारण्याची हद्द आणि शेतकऱ्याचा सातबारा

वन्य पशुपक्ष्यांसाठीं सरकारनें राखून ठेविलेल्या क्षेत्रांविषयीं आपल्या शेतकरीवर्गांत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कोणी म्हणतो, सरकारला माणसापेक्षां जनावर प्यारें झालें. दुसरा म्हणतो, रानेंच राहिलीं नाहींत तर पाऊसपाणी कोठून येणार. तेव्हां थोडी कळ सोसलीच पाहिजे. हे दोन्ही उद्गार मनापासूनचे असले तरी त्यांनीं प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. पशुपक्षी राखावे कीं न राखावे हा आतां वादाचा विषय उरलेला नाहीं. ते राखले पाहिजेत हें कायद्यानें ठरलें आहे आणि विचारी शेतकऱ्यासहि तें मान्य आहे. वादाचा विषय निराळाच आहे. हद्द आंखल्यानंतर त्या हद्दींत व तिच्या कडेला जे लोक पिढ्यान् पिढ्या जमीन कसून आणि गुरें चारून राहिले आहेत, त्यांच्या हक्कांची चौकशी कोणी, केव्हां आणि किती मुदतींत पुरी करावयाची, हा तो विषय होय. माझें म्हणणें असें कीं, या लोकांचें जें मोठें नुकसान होतें तें जनावरांनीं केलेलें नसतें आणि कायद्याच्या अक्षरानेंहि केलेलें नसतें. तें अर्धवट टाकलेल्या चौकशीनें केलेलें असतें. आणि अशा अर्धवट चौकशीनें, ज्या प्राण्यासाठीं हद्द आंखली त्याचेंहि कल्याण होत नाहीं.

या म्हणण्यास पुरावा आपल्याच प्रांतांतला देतां येतो. तो म्हणजे सोलापूर व अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतील माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा इतिहास.

माळढोक हा आपल्या देशांतील उडणाऱ्या पक्ष्यांपैकीं सर्वांत जड पक्ष्यांत मोडतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या माळावर जमिनीवरच अंडें घालते, आणि तेंहि बहुधा एका विणीला एकच. नाकतोडे, किडे, सरडे, बोरें, भुईमुगाच्या शेंगा असा त्याचा आहार. कोरडवाहू ज्वारी, हरभरा, भुईमूग, मधूनमधून पडीक माळ आणि त्यावर चरणारीं मेंढरें, अशा मुलखांतच हा पक्षी आजवर नांदला. त्याचें घर घनदाट अरण्यांत नसून आपल्या शेताच्या बांधापलीकडील गवतांत होतें. म्हणूनच त्याचा प्रश्न वाघाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. वाघाची हद्द सरकारी रानांत आंखतां येते. माळढोकाची हद्द आंखावयाची म्हणजे शेतकऱ्यांच्या गट नंबरांवरूनच रेघ ओढावी लागते.

गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनीं उत्तर सोलापूर तालुक्यांतील नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लोकांचें लक्ष वेधलें. पुढें १९७९ सालीं सरकारनें या पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर केलें. हेतु उत्तम होता. परंतु क्षेत्र किती धरलें, तर सुमारे ८४९६ चौरस किलोमीटर! एक चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर, या हिशेबानें हें क्षेत्र साडेआठ लाख हेक्टरांच्या घरांत, म्हणजे सुमारे २१ लाख एकर होतें. सबंध सोलापूर जिल्ह्याचें क्षेत्रफळ १५ हजार चौरस किलोमीटरांच्या आंत आहे. तेव्हां एका जिल्ह्याच्या अर्ध्याहून अधिक होईल एवढा मुलूख एका जाहीरनाम्यानें अभयारण्य ठरला. त्यांत गांवठाणें आलीं, बाजारपेठा आल्या, रस्ते आले, विहिरी आल्या. वनखात्याच्या ताब्यांतील जमीन त्यांत अगदीं थोडी. फार मोठा भाग खासगी मालकीचा. जागेवर जाऊन मोजणी करून, कोणत्या माळावर पक्षी वितो व कोणत्या शेतांत चरतो हें पाहून ही हद्द आंखलेली नव्हती, हें तिच्या आकारावरूनच कळतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. कारण पुष्कळ शेतकरीबंधु कायदा न वाचतांच त्यास शिव्या देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १८ ते २६ या कलमांत अभयारण्य जाहीर करण्याची रीत दिली आहे. अधिसूचना निघाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनीं त्या क्षेत्रांतील प्रत्येक माणसाच्या हक्काचें स्वरूप व व्याप्ति यांची चौकशी करावयाची असते. क्षेत्रांतील व आसपासच्या प्रत्येक गांवीं प्रादेशिक भाषेंत जाहीरनामा लावावयाचा, लोकांस आपले हक्क मांडण्यास दोन महिन्यांची मुदत द्यावयाची, आणि मग प्रत्येक हक्काचा निकाल करावयाचा. निकाल तीन प्रकारें होऊं शकतो. ती जमीन हद्दींतून वगळतां येते. मोबदला देऊन संपादन करतां येते. किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सल्ल्यानें तो हक्क पुढें चालूं ठेवतां येतो. शेतकऱ्याच्या बाजूनें इतक्या वाटा ठेवणारा हा कायदा अन्यायी आहे असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

परंतु याच कायद्यांत २० वें कलम आहे. अधिसूचना निघाली कीं त्या क्षेत्रांतील जमिनीवर वारसाहक्काखेरीज किंवा मृत्युपत्राखेरीज कोणासहि नवा हक्क मिळवितां येत नाहीं, असें तें सांगतें. चौकशी चालूं असतांना बाहेरच्या सावकारांनीं व दलालांनीं जमिनी घेऊन मोबदल्यावर डल्ला मारूं नये, हा या कलमाचा हेतु उघड आहे. वर्ष-दोन वर्षांच्या चौकशीपुरता हा निर्बंध योग्यच म्हटला पाहिजे. पण चौकशीच पुरी झाली नाहीं तर? तर तात्पुरता म्हणून घातलेला हा अडसर कायमचाच होऊन बसतो.

मुलकी खात्याच्या दप्तरांत ज्याचीं वर्षें गेलीं आहेत त्यास या एका कलमाचा अर्थ फार लवकर समजतो. जमीन हेंच शेतकऱ्याचें घर, तीच त्याची ठेव आणि तीच त्याची पत. मुलीचें लग्न, घरांतील दुखणें, विहीर खोदणें, मुलाचें शिक्षण, यांसाठीं तो चार एकरांतला एक एकर विकतो आणि उरलेले तीन एकर सांभाळतो. खरेदीखत होऊं शकलें नाहीं, फेरफार मंजूर झाला नाहीं, तर तो जमिनीचा मालक असूनहि वेळेला कफल्लक ठरतो. तारण हाहि जमिनीवरचा हक्कच. तेव्हां कर्ज देणारा हात आंखडतो. मग नडलेला माणूस साध्या कागदावर, निम्म्या किमतींत, साक्षीदारांच्या भरंवशावर व्यवहार करितो. पुढें घेणाराहि फसतो, देणाराहि फसतो, आणि दोघांची मुलें दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी स्थिति एकदां झाली म्हणजे पीककर्ज, विमा, दुष्काळाचें अनुदान, या सर्वांत खरा कसणारा मागें पडतो. जनावरानें एका रात्रींत खाल्लेलें पीक पुढच्या हंगामांत भरून येतें. दप्तरांत पडलेली ही गांठ एका पिढींत सुटत नाहीं.

माळढोकाच्या मुलखांत ही स्थिति किती काळ राहिली हें सालांवरून पाहावें. अधिसूचना १९७९ ची. देशभर अशाच चौकशा रखडलेल्या पाहून सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं राज्यांस हुकूम दिला कीं, जाहीरनामे काढून हक्कांचा निकाल एका वर्षांत करावा. २००० सालीं त्याच न्यायालयानें असेंहि ठरविलें कीं, आपल्या परवानगीखेरीज कोणतेंहि अभयारण्य रद्द करूं नये. त्यामुळें चुकलेली हद्द राज्य सरकारास मनांत आलें तरी आपणहून सुधारतां येईना. पुढें कायद्यांत दुरुस्ती होऊन, जिल्हाधिकाऱ्यांनीं हें काम शक्यतों दोन वर्षांत पुरें करावें असें कलम आलें. एवढें सर्व होऊन, सोलापूर-नगरकडील ८४९६ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र न्यायालयाच्या अनुमतीनें सुमारे १२२२ चौरस किलोमीटरांवर आलें तें २०१२ च्या सुमारास. म्हणजे मधें तीस वर्षांहून अधिक काळ गेला. अभयारण्य जाहीर झालें त्या वर्षीं जो तरुण औत धरूं लागला होता, तो हद्द कमी होईपर्यंत म्हातारपणाकडे झुकला. आणि ज्या सात हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांची अखेर आवश्यकता नव्हती असें ठरलें, त्यांतील शेतकऱ्यांनीं सोसलेल्या अडचणीची भरपाई कोणत्या सदराखालीं मागावी?

बरें, एवढें सोसून पक्षी तरी वाढला काय? तसें झालें असतें तर शेतकऱ्यानें छातीवर हात ठेवून सांगितलें असतें कीं, आमच्या कष्टाचें चीज झालें. पण तसें झालें नाहीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. कालव्यांचें पाणी पोहोंचलें तेथें ज्वारीची जागा उसानें घेतली. उसाच्या फडांत माळढोकास ना चारा ना दृष्टि. माळ नांगरले गेले, रस्ते रुंद झाले, विजेच्या तारा आल्या. आणि या जड पक्ष्यास समोरची तार वेळेवर दिसत नाहीं, म्हणून तारांवर आदळून तो मरतो, हें आज सर्वांस माहीत झालें आहे. एकीकडे गरीब खातेदाराचें खरेदीखत अडलेलें, आणि दुसरीकडे माळाचें रूपच पालटून टाकणाऱ्या मोठ्या गोष्टी बिनहरकत चाललेल्या, असा हा प्रकार. २०११ सालीं माळढोकाची गणना जगांतील नष्ट होण्याच्या अगदीं काठावर असलेल्या प्राण्यांत झाली. आज सबंध देशांत सुमारे दीडशेंच उरले असावेत असा जाणत्यांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत. आपल्या माळावर तो क्वचितच दृष्टीस पडतो.

हा आपल्याच प्रांताचा दोष असें कोणी समजूं नये. मध्यप्रदेशांत शिवपुरी जिल्ह्यांत करेरा येथें १९८१ सालीं माळढोकासाठींच सुमारे २०२ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें. तेथेंहि जमीन बहुतांशीं शेतकऱ्यांचीच होती. जमिनीच्या व्यवहारांस आडकाठी आली तसा लोकांचा पक्ष्यावरच रोष वळला. पुढील दीड दशकाच्या आंतच तेथून माळढोक नाहींसा झाला. निर्बंध मात्र राहिले. पक्ष्यावांचून उरलेलें हें अभयारण्य रद्द व्हावयास २०२२ साल उजाडलें. ज्या पक्ष्याचें अंडें उघड्या जमिनीवर पडतें, त्याची राखण गुराखी आणि शेतकरी यांच्या सद्भावावांचून कोणत्या पहारेकऱ्यास करतां येणार आहे? त्या लोकांसच शत्रु केलें म्हणजे राखण संपलीच.

जमिनीच्या खालोखाल प्रश्न चाऱ्याचा. सोलापूर-नगरकडील धनगरबांधवांचीं मेंढरें याच माळांवर वाढलीं. कांहीं माळांस कुंपण पडलें, कांहींवर झाडें लाविलीं गेलीं. येथें एक भेद सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास कायद्यानें साफ मनाई आहे. अभयारण्यांत तशी सरसकट मनाई नाहीं, तेथें चराईचें नियमन करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांस आहे. नियमन आणि मनाई या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यानें स्थायिक व फिरत्या पशुपालकांच्या चराईचा हक्क मान्य केला आहे, आणि त्या कायद्यांत वनजमीन या शब्दांत अभयारण्येंहि येतात. आदिवासी नसलेल्यांस तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते, ही अट कठीण आहे खरी. परंतु जुनीं दप्तरें, चराईच्या पावत्या, गांवच्या वृद्धांच्या जबान्या यांच्या आधारें दावा मांडतां येतो. फिरस्त्या मेंढपाळास हें कोण सांगणार? हें काम आपल्यासारख्या संस्थांचें आहे. आणि मेंढरांची माफक चराई माळढोकाच्या माळास मारक नसून, गवत फार उंच व दाट होऊं न देण्याच्या कामीं उपकारकच होते. तेव्हां धनगरास हांकून माळ राखूं पाहणें यांत दोघांचीहि हानि आहे.

तिसरा प्रश्न पिकांच्या नासाडीचा. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें; त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. काळवीट तेथें वांचला ही आनंदाची गोष्ट. पण काळविटास हद्दीचे दगड वाचतां येत नाहींत. तो बाहेरच्या शेतांतील कोंवळी ज्वारी व हरभरा खाणारच. रानडुकरांची गोष्ट तर विचारूंच नये. येथें शेतकरी जें गमावतो तो वास्तविक साऱ्या राष्ट्राच्या वतीनें दिलेला चारा होय. तो दान म्हणून त्याच्या एकट्याच्याच पदरांत बांधणें न्यायाचें नाहीं. भरपाईची तरतूद सरकारनें केलेली आहे. परंतु नुकसान कळविण्याची मुदत थोडी, पंचनाम्यास येणारीं खातीं अनेक, आणि जमिनीच्या कागदांत घोळ असला कीं अर्ज परत. म्हणजे फिरून गाडी त्या सातबाऱ्याशींच येऊन अडते.

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाहीं. निर्बंध उठविले कीं जमिनी शेतकऱ्याच्या हातीं न राहतां धनिकांच्या हातीं जातील, माळावर कारखाने व बंगले उभे राहतील, आणि उरलासुरला पक्षी कायमचा जाईल, असें पक्षिमित्र म्हणतात. ही भीति मला मान्य आहे. परंतु तिच्यावरील उपाय खातेदारास अधांतरीं टांगून ठेवणें हा नव्हे. ज्या माळावर पक्षी खरोखर वितो ती जमीन मोजून, बाजारभावानें रोख मोबदला देऊन सरकारनें सरळ विकत घ्यावी. जेथें तो चरतो तेथें शेतकऱ्यानें उसाऐवजीं ज्वारी, हरभरा, भुईमूग पेरावा आणि विषारी फवारण्या टाळाव्या यासाठीं त्यास दर एकरीं वार्षिक मोबदला करारानें द्यावा. उरलेला मुलूख मोकळा करावा. फक्त उंच तारा, खाणी, कारखाने अशा मोजक्या गोष्टींवर बंदी ठेवावी. यास पैसा लागेल; पण तीस वर्षें लाखो खातेदारांस अडवून ठेवण्याचा खर्च याहून थोडा झाला असें कोण म्हणेल? तो खर्च सरकारच्या हिशेबांत दिसत नाहीं इतकेंच. तो शेतकऱ्यांच्या घरांत दिसतो.

एकाच पट्टीनें सर्वत्र रेघा ओढण्याची हौस अद्यापि गेलेली नाहीं, हें नजीकच्या एका गोष्टीवरून दिसतें. जून २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक अभयारण्याभोंवतीं व राष्ट्रीय उद्यानाभोंवतीं किमान एक किलोमीटरचा संवेदनशील पट्टा असावा असा निर्णय दिला. त्या पट्ट्यांत किती गांवें, किती घरें, किती शेतें येतात याचा विचार होऊन एप्रिल २०२३ मध्यें न्यायालयानेंच तो सरसकट नियम शिथिल केला. न्यायालयानें आपला निर्णय अकरा महिन्यांच्या आंत सुधारला, ही गोष्ट स्तुत्य आहे. सरकारी खात्यांनींहि हा कित्ता गिरवावा. जागा पाहून हद्द ठरवावी; हद्द ठरवून जागा पाहूं नये.

आतां आपल्या समाजानें काय करावें तें सांगून लेख पुरा करितों. ज्या सभासदांचीं शेतें अभयारण्यांत किंवा त्याच्या लगत आहेत त्यांनीं आपल्या गटाचा उतारा, नकाशा व अधिसूचनेची नक्कल या तीन कागदांचा संच घरीं करून ठेवावा. आपण हद्दींत आहों कीं बाहेर, हें ऐकीव गोष्टीवर न सोडतां लेखी मागून घ्यावें. वारसनोंदी रखडवूं नयेत, कारण वारसाहक्कास कायद्याची आडकाठी नाहीं. नवी अधिसूचना निघाली आणि गांवीं जाहीरनामा लागला कीं दोन महिन्यांच्या आंत प्रत्येकानें आपला हक्क, मग तो जमिनीचा असो, विहिरीचा असो, वाटेचा असो वा चराईचा असो, लेखी मांडून पोंच घ्यावी. तोंडी गाऱ्हाण्यास दप्तरांत जागा नसते. जाहीरनामा लागलाच नसेल तर ग्रामसभेनें तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. पिकाची नासाडी झाल्यास त्याच दिवशीं कळवावें. आणि समाजानें आपल्या कचेरींत अशा सर्व अर्जांची एक नोंदवही ठेवून, कोणता अर्ज कोणत्या तारखेस दिला व त्याचें पुढें काय झालें, हें दर वर्षीं या मासिकांत छापावें. खात्यास लाज वाटावयाची ती भाषणांनीं वाटत नाहीं, तारखांनीं वाटते.

सरकारकडे आपली मागणी एकच असावी, आणि ती कायद्याबाहेरची नाहीं: हद्द आंखाल त्या दिवसापासून ठरलेल्या मुदतींत हक्कांचा निकाल करा; न जमेल तर ज्या जमिनींचा निकाल झाला नाहीं त्या मोकळ्या करा. माळावर पक्षी राहावा असें आम्हांसहि वाटतें. तो ज्वारीच्या शेतांत उतरला तर आमच्या मुलांनीं त्यास धोंडा मारूं नये, उलट कौतुकानें पाहावें, अशी आमची इच्छा आहे. पण ज्या पक्ष्याच्या पायीं बापास जमीन विकतां आली नाहीं, बहिणीचें लग्न लांबलें, अशी समजूत ज्या मुलाची झाली आहे, त्याच्या हातांतील धोंडा खालीं ठेवावयाचा असेल तर आधीं त्याच्या सातबाऱ्यावरील गांठ सोडविली पाहिजे.